ओळ सरकली, शेरा तिथेच राहिला: अ‍ॅपच्या नोंदी ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये आपोआप नेण्याचे एक प्रकरण

घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीची सेवा देणाऱ्या एका अ‍ॅपमधील तक्रारी समन्वयकांच्या ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये आपोआप जाव्यात, यासाठी आम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिला. काम दोन दिवसांत झाले आणि आम्हाला ते पूर्ण झाल्यासारखेही वाटले. त्यानंतर जे घडत गेले आणि रचना ज्या क्रमाने बदलावी लागली, त्याचा हा सविस्तर वृत्तांत आहे. डेटाबेस आणि स्प्रेडशीट या दोन्ही ठिकाणी ओळी आणि रकानेच दिसतात, त्यामुळे त्या एकाच जातीच्या वस्तू आहेत असा समज सहज होतो. त्या समजाची किंमत आमच्या ग्राहकांनी मोजली, म्हणून हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

पार्श्वभूमी

ग्राहक अ‍ॅपमधून तक्रार नोंदवतो, तिला क्रमांक मिळतो, समन्वयक ती तंत्रज्ञाकडे सोपवतात आणि तंत्रज्ञ आपल्या मोबाइलवरून तिची स्थिती बदलत राहतो. हा सगळा व्यवहार पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये साठतो. समन्वयक मात्र गूगल शीट्समध्ये काम करत. रोज सकाळी आमच्यापैकी कोणीतरी आदल्या दिवशीच्या नोंदींची फाइल काढून देई, ते ती शीटमध्ये चिकटवत आणि दिवसभर फोन करून पाठपुरावा करत. दुपारपर्यंत ती माहिती शिळी झालेली असे. अ‍ॅपमध्ये बंद झालेल्या तक्रारीबद्दल ग्राहकाला पुन्हा फोन जाणे ही रोजची गोष्ट झाली होती. त्यामुळे त्यांची मागणी साधी आणि रास्त होती: अ‍ॅपमध्ये जे बदलेल, ते शीटमध्ये आपोआप दिसावे.

त्यांना अ‍ॅपचे व्यवस्थापकीय पान वापरायला सांगावे, असा विचार आम्ही केला होता. परंतु १९७९ साली व्हिजिकॅल्क हा वैयक्तिक संगणकावरील पहिला स्प्रेडशीट प्रोग्राम आला तेव्हापासून स्प्रेडशीटने लोकांना जे दिले आहे, ते कोणत्याही तयार पानावर मिळत नाही. हवा तसा क्रम लावता येतो, एखादी ओळ पिवळी करता येते, शेजारी नवा रकाना उघडून तिथे आपले दोन शब्द लिहिता येतात. यातील शेवटची सोय समन्वयकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होती, आणि नेमकी तीच आम्ही त्यांच्या मागणीत ऐकली नाही. आम्ही ‘दिसावे’ एवढेच ऐकले. त्यांना दिसलेल्या नोंदीपुढे लिहायचेही होते.

पहिली आवृत्ती आणि तक्रार ४१८७

पहिल्या आवृत्तीत प्रोग्राम दर ५ मिनिटांनी चालत असे. तो डेटाबेसमधून तक्रारी वाची, शीटमधील ‘ए’ ते ‘के’ या ११ रकान्यांचा मजकूर पुसून टाकी आणि दुसऱ्या ओळीपासून सगळ्या नोंदी नव्याने लिही. समन्वयकांना ताजी तक्रार आधी दिसावी म्हणून क्रम उलटा ठेवला होता, म्हणजे सर्वांत नवी नोंद सर्वांत वर येई. समन्वयकांनी पहिल्याच दिवशी बाराव्या, म्हणजे ‘एल’ रकान्याला ‘शेरा’ असे शीर्षक दिले आणि नेहमीप्रमाणे लिहायला सुरुवात केली.

तक्रार क्रमांक ४१८७ समोर एका समन्वयक ताईंनी लिहिले होते, “ग्राहक दुपारी चारनंतरच घरी. आधी फोन करावा.” हा शेरा लिहिल्यानंतरच्या ५ मिनिटांत तीन नव्या तक्रारी आल्या. प्रोग्रामने अकरा रकाने पुसून पुन्हा लिहिले, तेव्हा तीन नव्या नोंदी वर बसल्या आणि ४१८७ तीन ओळी खाली गेली. बारावा रकाना प्रोग्रामच्या हद्दीत नव्हता, त्यामुळे शेरा होता तिथेच राहिला आणि त्याच्या समोर आता तक्रार ४१९० आली. ४१९० ही पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून सतत गळती होत असल्याची तक्रार होती. समन्वयकांनी फोनवर सांगितलेल्या या शेऱ्यामुळे तंत्रज्ञाने तिकडे चारपर्यंत जायचे टाळले, आणि ४१८७ च्या ग्राहकाकडे तो सकाळीच पोहोचला तेव्हा दाराला कुलूप होते.

प्रोग्रामच्या लॉगमध्ये मात्र दर ५ मिनिटांनी ‘यशस्वी’ अशी नोंद होती, आणि प्रोग्रामच्या बाजूने पाहिले तर ती खरी होती. त्याला जे अकरा रकाने लिहायला सांगितले होते, ते त्याने प्रत्येक वेळी अचूक लिहिले होते. बिघाड त्या अकरा रकान्यांचा आणि बाराव्याचा संबंध तुटण्यात होता, आणि तो संबंध समन्वयकांच्या मनाखेरीज कुठेच नोंदवलेला नव्हता.

न टिकलेल्या दोन दुरुस्त्या

पहिली दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. क्रम सुलटा केला, म्हणजे जुनी तक्रार वर आणि नवी शेवटी. नवी नोंद तळाशी बसत असल्यामुळे वरच्या ओळी हलेनाशा झाल्या. काही दिवस सर्व सुरळीत चालले. मग आमच्याच एका सहकाऱ्याने चाचणीसाठी घातलेली जुनी नोंद डेटाबेसमधून काढून टाकली. तिच्याखालची प्रत्येक तक्रार एक ओळ वर सरकली आणि प्रत्येक शेरा शेजारच्या तक्रारीचा झाला.

दुसऱ्या दुरुस्तीत आम्ही पुसून लिहिणे बंद केले. नवी नोंद आली की ती शीटच्या तळाशी जोडायची, ती कितव्या ओळीत बसली तो आकडा डेटाबेसमध्ये ठेवायचा, आणि पुढे तिची स्थिती बदलली की त्याच ओळीतील फक्त ‘स्थिती’ आणि ‘बदलाची वेळ’ हे दोन रकाने लिहायचे. कागदावर ही रचना सुबक होती. परंतु एका समन्वयकाने तंत्रज्ञाच्या नावानुसार शीटचा क्रम लावला. तसा क्रम लावणे हा त्यांच्या कामाचा भागच होता. क्रम लावताच २१२ व्या ओळीत वेगळी तक्रार आली आणि प्रोग्राम मात्र जुन्या तक्रारीची ‘पूर्ण’ ही स्थिती २१२ व्या ओळीतच लिहीत राहिला. हे पहिल्यापेक्षा वाईट होते. आधी निदान नोंद एकसंध होती, फक्त शेरा हलत होता. आता एकाच ओळीत क्रमांक एका तक्रारीचा आणि स्थिती दुसऱ्या तक्रारीची, अशी सरमिसळ झाली. ज्या तक्रारीकडे कोणी फिरकलेही नव्हते, ती शीटमध्ये पूर्ण झालेली दिसू लागली.

या ठिकाणी आम्ही थांबलो आणि प्रश्न नीट मांडला. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या, आमच्या डेटाबेसच्या मुळाशी असलेल्या संबंधात्मक रचनेत ओळींच्या क्रमाला काही अर्थ नाही. नोंद कितवी आहे हे विचारायचेच नसते, तिची किल्ली, म्हणजे तिला इतरांपासून वेगळी ओळखणारे मूल्य (आमच्याकडे तक्रार क्रमांक), काय हे विचारायचे. क्रम स्पष्टपणे मागितला नाही तर डेटाबेस त्याच ओळी आज एका आणि उद्या दुसऱ्या क्रमाने देऊ शकतो, आणि दोन्ही उत्तरे बरोबर असतात. स्प्रेडशीटमध्ये याच्या अगदी उलट आहे. तिथे प्रत्येक चौकटीची ओळख म्हणजे तिची जागा. सूत्रे जागेवर बेतलेली असतात आणि माणसाची नजरही जागेवरच ठरते. आम्ही डेटाबेसमधून किल्ली असलेली नोंद उचलून ती जागेच्या भरवशावर ठेवत होतो आणि त्या जागेवर तर दुसऱ्यांचाही हात होता.

किल्लीने शोधून लिहिणे, आणि तरीही उरलेली फट

तिसऱ्या आवृत्तीत प्रोग्राम प्रत्येक फेरीला आधी शीटमधील तक्रार क्रमांकाचा संपूर्ण रकाना वाचू लागला. कोणता क्रमांक आत्ता कितव्या ओळीत आहे याची यादी तो तयार करी, ज्यांच्यात बदल झाला त्या ओळी त्या यादीवरून शोधून लिही आणि जे क्रमांक सापडत नसत ते तळाशी जोडी. समन्वयकांनी क्रम कसाही लावला तरी पुढच्या फेरीत नवी यादी बनत असल्यामुळे बहुतेक वेळा मेळ बसत असे.

‘बहुतेक वेळा’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. रकाना वाचणे आणि ओळी लिहिणे या दोन वेगवेगळ्या विनंत्या आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन-तीन सेकंद जातात. नेमक्या त्या सेकंदांत कोणी क्रम बदलला, तर हातातील यादी जुनी ठरते आणि लेखन चुकीच्या ओळीत जाते. डेटाबेसमध्ये अशा वेळी व्यवहाराभोवती, म्हणजे एकत्रच पूर्ण होणाऱ्या वाचन-लेखनाच्या गटाभोवती, कुलूप लावता येते. शीटमध्ये बाहेरून लिहिणाऱ्या प्रोग्रामला, मी माझा रकाना वाचून लिहीपर्यंत इतर कोणी क्रम हलवू नये, असे सांगण्याची सोय नाही. ही फट लहान आहे म्हणून सोडून द्यावी, असे आमच्यापैकी काहींचे मत होते. मला ते मान्य नव्हते. दर ५ मिनिटांनी म्हणजे दिवसातून २८८ वेळा चालणाऱ्या गोष्टीतील लहान फट कधी ना कधी गाठतेच, आणि ती गाठली हे कोणाला कळतही नाही.

त्यामुळे शेवटी आम्ही लिहिणाऱ्यांच्या हद्दी वेगळ्या केल्या. एकाच स्प्रेडशीटमध्ये तीन पाने ठेवली. ‘नोंदी’ या पानावर फक्त प्रोग्राम लिहितो. ते पूर्ण पान संरक्षित आहे आणि संपादनाचा अधिकार सर्व्हिस अकाउंटलाच, म्हणजे प्रोग्रामसाठी काढलेल्या स्वतंत्र खात्यालाच, आहे. स्प्रेडशीटच्या मालकाला संरक्षित भागातही लिहिता येते, म्हणून मालकी समन्वयकांच्या खात्याकडून काढून तांत्रिक खात्याकडे नेली. ‘पाठपुरावा’ या पानावर फक्त माणसे लिहितात: तक्रार क्रमांक, तारीख, शेरा. क्रमांक टाइप करताना चूक होऊ नये म्हणून त्या चौकटीत ‘नोंदी’ पानावरील क्रमांकांचीच निवडसूची दिली. तिसऱ्या ‘पाहणी’ पानावर प्रत्येक तक्रारीपुढे तिचा शेवटचा शेरा सूत्राने, तक्रार क्रमांकावरून शोधून, आणला जातो. ज्यांना आपापला क्रम लावून पाहायचे आहे त्यांच्यासाठी फिल्टर व्ह्यू करून दिले. त्यात लावलेला क्रम पाहणाऱ्यापुरताच राहतो, मूळ ओळी जागच्या हलत नाहीत.

समन्वयकांना हा बदल लगेच आवडला नाही आणि त्यांची तक्रार खरी होती. आधी ओळीसमोर थेट लिहिता येत होते, आता दुसऱ्या पानावर जाऊन क्रमांक निवडावा लागत होता. त्यांच्या श्रमात आम्ही भर घातली होती, हे मान्य करूनच पुढे जावे लागले. एक लाभ मात्र त्यांनीच दाखवून दिला. आधी नवा शेरा लिहिताना जुना पुसला जाई, आता एका तक्रारीचे सगळे शेरे तारखेसह राहू लागले.

मूल्ये वाटेत बदलतात

ओळींचा प्रश्न सुटल्यावर चौकटींच्या आतला प्रश्न दिसू लागला. गूगल शीट्सच्या एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला शीट वाचण्या-लिहिण्यासाठी दिलेल्या सोयीत, मजकूर दोन प्रकारे लिहिता येतो. ‘यूजर एन्टर्ड’ या प्रकारात शीट तो मजकूर माणसाने टाइप केल्याप्रमाणे समजून घेते, तर ‘रॉ’ प्रकारात जे पाठवले ते जसेच्या तसे ठेवते. तारखा तारखेसारख्या दिसाव्यात म्हणून आम्ही सुरुवातीला पहिला प्रकार निवडला होता. परिणामी ‘००७१२’ हा उपकरण क्रमांक ‘७१२’ झाला आणि ‘३-४’ हा सुट्या भागाचा सांकेतिक क्रमांक तारीख होऊन बसला. हा काही केवळ आमचा अनुभव नाही. स्प्रेडशीट प्रोग्राम काही जनुकांच्या नावांना तारखा समजत असल्यामुळे मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० साली ती नावेच बदलली.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची होती. तक्रारीचे वर्णन ग्राहक स्वतः लिहितो. त्याने बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर लिहिला, तर ‘यूजर एन्टर्ड’ प्रकारात ते सूत्र होऊन समन्वयकांच्या शीटमध्ये चालते. बाहेरील पत्त्यावरून माहिती किंवा चित्र आणणारी सूत्रे शीट्समध्ये उपलब्ध आहेत आणि त्या पत्त्यातच शेजारच्या चौकटीतील मजकूर जोडून तो बाहेर पाठवता येतो. कोणी तसे केल्याचे आम्हाला आढळले नाही, तरी अनोळखी माणसाने लिहिलेला मजकूर सूत्र होण्याची वाट खुली ठेवणे योग्य नव्हते.

सगळे लेखन ‘रॉ’ प्रकाराने करायचे ठरले, म्हणजे तारखांची वेगळी व्यवस्था आली. शीट्समध्ये तारीख ही ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेल्या दिवसांची संख्या असते आणि वेळ हा त्या संख्येचा अपूर्णांक असतो. १ जानेवारी २००० म्हणजे ३६५२६, आणि त्या दिवशीचे दुपारचे बारा म्हणजे ३६५२६.५. आम्ही तारखा याच संख्यांमध्ये पाठवू लागलो आणि रकान्यांना तारखेचे स्वरूप आधीच देऊन ठेवले. इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. या संख्येत वेळक्षेत्राची माहिती नसते. डेटाबेसमधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत होती, म्हणून तिचे स्थानिक वेळेत रूपांतर आम्ही लिहिण्यापूर्वीच, एकाच ठिकाणी करतो. लांबलचक ओळखक्रमांक मजकूर म्हणूनच पाठवतो, कारण संख्या म्हणून पाठवल्यास साधारण पंधरा अंकांपलीकडची अचूकता राहत नाही आणि शेवटचे अंक गुपचूप बदलतात.

एक नोंद जी कधीच पोहोचली नाही

बदललेल्या नोंदी शोधण्याची आमची पद्धत सर्वसाधारण होती. प्रत्येक नोंदीत ‘शेवटचा बदल’ ही वेळ असते. मागच्या फेरीची वेळ लक्षात ठेवायची आणि त्यानंतर बदललेल्या नोंदी वाचायच्या. बरेच दिवस यात काही खोट दिसली नाही. मग एका ग्राहकाने विचारले की दोन दिवस झाले, मला फोन का आला नाही. त्यांची तक्रार अ‍ॅपमध्ये होती, शीटमध्ये नव्हती.

शोध घेतल्यावर जे दिसले ते सेकंदांत मांडता येते. तक्रार साठवणारा व्यवहार १० वाजून ० मिनिटे ५८ सेकंदांनी सुरू झाला. पोस्टग्रेसमधील ‘नाउ’ हे फंक्शन व्यवहार सुरू झाल्याची वेळ देते, म्हणून नोंदीवर तीच वेळ पडली. व्यवहारात छायाचित्राची जोडणी होती, त्यामुळे तो पूर्ण व्हायला ६ सेकंद लागले आणि नोंद इतरांना दिसू लागली ती १० वाजून १ मिनिट ४ सेकंदांनी. आमची फेरी त्याआधी, बरोबर १० वाजून १ मिनिटाला, वाचून गेली होती. तिला ही नोंद दिसली नाही, कारण व्यवहार अजून पूर्ण झालेला नव्हता. पुढच्या फेरीने १० वाजून १ मिनिटानंतरचे बदल मागितले आणि या नोंदीवरची वेळ त्याच्या २ सेकंद आधीची होती. त्यामुळे कोणत्याही फेरीने ती कधीच उचलली नाही.

उपाय म्हणून प्रत्येक फेरी आता मागच्या फेरीच्या १० मिनिटे आधीपासूनच्या नोंदी पुन्हा वाचते. त्यामुळे बऱ्याच नोंदी दोन-तीन वेळा वाचल्या आणि लिहिल्या जातात, पण लेखन किल्लीने होत असल्यामुळे तीच ओळ त्याच मजकुराने पुन्हा लिहिली जाते आणि काही बिघडत नाही. तळाशी नुसते जोडत जाण्याच्या काळात हाच उपाय केला असता, तर शीट दुहेरी नोंदींनी भरली असती. डेटाबेसच्या बदलांच्या नोंदवहीवरूनच, म्हणजे लॉजिकल डिकोडिंगने, बदल उचलण्याचा मार्गही आम्ही तपासला. तिथे व्यवहार पूर्ण होण्याच्या क्रमानेच बदल मिळतात आणि ही अडचण मुळातच येत नाही. परंतु ती यंत्रणा सांभाळण्याइतके आमचे काम मोठे नव्हते.

याच तपासात आणखी दोन गोष्टी उघड झाल्या. डेटाबेसमधून कायमची काढलेली नोंद ‘नंतर बदललेल्या’ नोंदींत येऊच शकत नाही, म्हणून नोंदी काढणे बंद करून त्यांना ‘रद्द’ अशी खूण करणे सुरू केले. आणि आमच्यापैकी कोणी थेट डेटाबेसवर आज्ञा चालवून दुरुस्ती केली, तर अ‍ॅपचा कोड मध्ये येत नसल्यामुळे ‘शेवटचा बदल’ ही वेळ तशीच राहत होती. ती वेळ पुढे करण्याचे काम आता डेटाबेसमधील ट्रिगरकडे, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या आज्ञेकडे, आहे.

मर्यादा आणि पुन्हा प्रयत्न

मधल्या काळात प्रत्येक तक्रार साठवली जाताच लगेच शीटमध्ये लिहावी, असाही प्रयोग झाला. गूगल शीट्सच्या एपीआयवर लेखनासाठी प्रत्येक प्रकल्पाला मिनिटाला ३०० आणि त्यातही प्रत्येक वापरकर्त्याला मिनिटाला ६० विनंत्यांची मर्यादा आहे, आणि सर्व्हिस अकाउंट हा एकच वापरकर्ता धरला जातो. सकाळी तंत्रज्ञ एकाच वेळी कामाला लागत तेव्हा ही मर्यादा ओलांडली जाई आणि ४२९ क्रमांकाची, म्हणजे विनंत्या फार झाल्याची, त्रुटी येई. अनेक ओळींचे बदल एका बॅच विनंतीत पाठवले तर ती एकच विनंती मोजली जाते, म्हणून आम्ही पुन्हा फेऱ्यांकडे वळलो. त्रुटी आल्यास १, २, ४, ८ सेकंद अशी वाढती प्रतीक्षा, आणि तीत थोडा यादृच्छिक वेळ मिसळून, पुन्हा प्रयत्न केला जातो. एक फेरी लांबली आणि दुसरी सुरू झाली तर दोघींची टक्कर होऊ नये म्हणून पोस्टग्रेसचे अ‍ॅडव्हायजरी लॉक, म्हणजे एका वेळी एकाच फेरीला पुढे जाऊ देणारे कुलूप, वापरले आहे.

पुन्हा प्रयत्न करताना एक धोका असतो. विनंती गेली, शीटमध्ये ओळ लिहिलीही गेली, पण उत्तर परत येण्यापूर्वी जोडणी तुटली, तर प्रोग्रामला ते अपयश वाटते. तळाशी जोडण्याच्या विनंतीचा असा पुन्हा प्रयत्न झाला की तीच तक्रार दोनदा दिसते. आमच्याकडे तसे झाले आणि एका ग्राहकाकडे दोन तंत्रज्ञ पोहोचले. आता नवी ओळ जोडण्याचा प्रत्येक प्रयत्न क्रमांकाचा रकाना नव्याने वाचूनच होतो.

रोजचा ताळा

या सर्व प्रसंगांमध्ये एक साम्य होते. चूक प्रोग्रामने सांगितली नाही, ती ग्राहकाच्या फोनमधून कळली. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीत यायचे राहून गेले. जुन्या एक्सेल स्वरूपाच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत आणि त्यापुढच्या नोंदी गळाल्या, असे कारण तेव्हा वृत्तांमध्ये देण्यात आले. तिथेही माहितीची वाहतूक वरवर सुरळीत दिसत होती. वाहतूक करणाऱ्या प्रोग्रामनेच स्वतःच्या यशाची ग्वाही देणे पुरेसे नसते, हे आम्हाला आमच्या छोट्या कामातून पटले.

म्हणून रात्री एक वेगळा प्रोग्राम ताळा पाहतो. तो नोंदी नेणाऱ्या प्रोग्रामचा कोड वापरत नाही. डेटाबेस आणि ‘नोंदी’ पान दोन्ही स्वतंत्रपणे वाचून, प्रत्येक तारखेच्या तक्रारींची संख्या आणि प्रत्येक नोंदीच्या मुख्य रकान्यांवरून काढलेली खूण तो जुळवतो. फरक सापडल्यास त्या तक्रारींचे क्रमांक आमच्याकडे येतात. ताळा झाल्यावर संपूर्ण ‘नोंदी’ पान नव्याने लिहिले जाते. आधी पुसून मग लिहिल्यास मधल्या क्षणी ‘पाहणी’ पान रिकामे दिसते, म्हणून जुन्या मजकुरावरच नवा मजकूर लिहून शेवटच्या उरलेल्या ओळी तेवढ्या पुसल्या जातात.

हेच काम मला आज पुन्हा पहिल्यापासून करायचे असते, तर पाच-सात हजार ओळींच्या शीटसाठी मी फक्त बदललेल्या नोंदी उचलण्याच्या भानगडीत पडलो नसतो. माणसांचे लेखन वेगळ्या पानावर असेल, तर प्रत्येक फेरीला सगळे पान नव्याने लिहिणे ही सर्वांत सोपी आणि स्वतःला सावरणारी रचना आहे. एखादी नोंद या फेरीत निसटली तरी पुढच्या फेरीत ती येतेच.

कोणाला काय दिसावे

शीटमध्ये कोणते रकाने जातील याची यादी आम्ही स्पष्ट नावांनी लिहिली आहे. टेबलमधील सगळेच रकाने घेण्याची पद्धत असती, तर उद्या कोणी डेटाबेसमध्ये नवा खासगी रकाना जोडला की तो न विचारता शीटमध्ये पोहोचला असता. ग्राहकाचा पूर्ण पत्ता शीटमध्ये जात नाही, तो अ‍ॅपमध्येच पाहावा लागतो. डेटाबेस वाचणाऱ्या खात्याला फक्त वाचनाचा अधिकार आहे आणि सर्व्हिस अकाउंटला ही एकच स्प्रेडशीट उघडता येते. दुव्यावरून कोणालाही पाहता येईल अशी वाटणी बंद आहे. शीटमधून पुसलेला मजकूर आवृत्त्यांच्या इतिहासात राहतो, हे लक्षात आल्यावर तर ही यादी आणखी आखूड केली.

आकाराची मर्यादाही विचारात घ्यावी लागली. एका स्प्रेडशीटमध्ये १ कोटी चौकटी मावतात आणि रिकाम्या चौकटीही त्यात मोजल्या जातात. हिशेबाने ही मर्यादा आमच्यापासून बरीच दूर होती, परंतु शोधसूत्रांमुळे ‘पाहणी’ पान त्याच्या कितीतरी आधी जड होऊ लागले. बंद होऊन ९० दिवस उलटलेल्या तक्रारी आता ‘नोंदी’ पानावरून काढल्या जातात. त्या डेटाबेसमध्ये असतातच.

शेवटचा बदल समन्वयकांनी सुचवला. त्यांचे म्हणणे असे की ज्या शेऱ्यावर तंत्रज्ञाचे जाणे-न जाणे ठरते, तो शीटमध्ये असून तंत्रज्ञाला उपयोग नाही, कारण तो अ‍ॅप पाहतो आणि शीट पाहणारे त्याला फोनवर सांगतात. हे ऐकून शेरा लिहिण्याची जागा आम्ही अ‍ॅपमध्ये केली. आता शेरा डेटाबेसमध्ये तक्रारीच्या क्रमांकाला बांधलेला असतो, तंत्रज्ञाच्या मोबाइलवर तक्रारीखाली दिसतो आणि इतर रकान्यांबरोबर बारावा रकाना म्हणून ‘नोंदी’ पानावर येतो. ‘पाठपुरावा’ पान त्यानंतर हळूहळू वापरातून गेले. ‘चारनंतर यावे’ अशा अर्थाचे शेरे आजही रोज लिहिले जातात, आणि समन्वयक शीटचा क्रम आपापल्या फिल्टर व्ह्यूमध्ये दिवसातून कितीदा तरी बदलतात.